दोन अर्जांतले एकच आजोबा

जर्मनीत सहा वर्षं काढून मी नगरजवळच्या केडगावला परत आले, त्याला आता दोन वर्षं होत आली. या दोन वर्षांत मला सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "परत का आलीस?" आणि त्याच्या खालोखाल, "आमच्या पोराला कसं पाठवायचं?" पहिल्याचं उत्तर मी समोरचा माणूस बघून देते. दुसऱ्याचं उत्तर मात्र नीट दिलं पाहिजे, असं वाबळे सरांचं म्हणणं पडलं.

वाबळे सरांनी मला अकरावी-बारावीला गणित शिकवलं. आता ते निवृत्त आहेत, म्हणजे पूर्वीपेक्षा जास्त हिंडतात. जानेवारीत त्यांचा फोन आला. "अर्चना, तीन-चार दिवस मोकळे कर. सोनईला एका शाळेत आणि श्रीरामपूरला एका चर्चच्या हॉलमध्ये पोरं जमवतोय. सगळ्यांना परदेशी शिकायला जायचंय, आणि त्यांना सांगणारे सगळे काहीतरी विकणारे आहेत. काहीही न विकणारं एक माणूस मला त्यांना दाखवायचंय."

मी म्हटलं, "सर, माझी गाडी काढते."

"नको. एसटीनं जाऊ. गाडीतून उतरलेल्या माणसाला पोरं खरं सांगत नाहीत."

हे पुढे शब्दशः खरं ठरलं.

पहिला दिवस : सोनई

एसटीच्या पाटीवर 'अहिल्यानगर' होतं, कंडक्टरच्या तोंडी 'नगर' होतं, आणि माझ्या हातातल्या तिकिटावरचं काहीच वाचता येत नव्हतं. घोडेगाव यायच्या आधी एक बाई रस्त्याच्या कडेला तेलाचा डबा घेऊन उभ्या दिसल्या. त्यांनी हात केला नव्हता, पण ड्रायव्हरनं गाडी थांबवली. त्या म्हणाल्या, "मला न्हाई जायचं, ह्यो डबा तेवढा सोनईच्या स्टँडवर द्या, पोरगा येईल." डबा माझ्या पायाशी आला.

जर्मनीतल्या माझ्या गावात सात बेचाळीसची बस सात बेचाळीसलाच सुटायची. पहिल्या हिवाळ्यात मी धावत दारापाशी पोचले, ड्रायव्हरनं माझ्याकडे बघितलं, दार लावलं आणि निघून गेला. मी बर्फात उभी राहून रडले होते. महिन्याभरानं मला कळलं, की त्यानं माझा अपमान केला नव्हता, पुढच्या थांब्यावर उभ्या असलेल्यांचा मान राखला होता. हा फरक मी सोनईच्या पोरांना सांगायचं ठरवलं. तशा मी स्लाइड्स बनवून नेल्या होत्या, पण त्यांत बसचा फोटो नव्हता.

स्लाइड्स तशाही दाखवता आल्या नाहीत. शाळेच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावला आणि लाइट गेली. मुख्याध्यापक म्हणाले, "दीड तासानं येईल." मग साठ-सत्तर मुलं-मुली पटांगणात बसली आणि मी खुर्चीवर. दहा मिनिटांतच कळलं, की लाइट गेली ते बरं झालं. अंधाऱ्या हॉलमध्ये जे प्रश्न आले नसते ते उन्हात आले.

"मॅडम, तिकडं वशिला लागतो का?"

"नाही. पण वेळेवर कागद लागतो. तोच तिथला वशिला."

"मॅडम, सगळं इंग्लिशमधी असतं का?"

"वर्गात असू शकतं. दवाखान्यात, दुकानात, भाड्याच्या खोलीच्या मालकिणीपुढे नसतं. जर्मनीला जायचं असेल तर आजपासून जर्मन शिका. विमानात बसल्यावर सुरू केलेली भाषा पहिल्या वर्षी कामाला येत नाही."

"फी लई असती ना?"

मी त्यांना सांगितलं, की तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नाही किंवा अगदी थोडी आहे. राहण्या-खाण्याचा खर्च मात्र आधी खात्यात दाखवावा लागतो. फी भरमसाट असते ती काही खासगी कॉलेजांत, आणि आपल्याकडे जाहिराती नेमक्या त्यांच्याच दिसतात, कारण पोरगं पाठवलं की पाठवणाऱ्याला तिथून दलाली मिळते. हे ऐकल्यावर मागच्या रांगेतल्या तीन-चार पोरांनी एकमेकांकडे बघितलं.

सगळे पांगल्यावर एक मुलगी थांबली. सडपातळ, केसांची घट्ट वेणी, छातीशी प्लास्टिकची फाइल. नाव पूनम. शेती अभियांत्रिकीची पदवी झालेली. "मॅडम, मला ॲडमिशनचं लेटर आलंय. जर्मनीचं. सरकारी विद्यापीठ हाय." हे सांगताना ती हसली नाही, याचं मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

पूनमचं मूळ गाव पाथर्डी तालुक्यात. आई-वडील दर दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, म्हणून ती आठवीपासून सोनईत मामाकडे राहून शिकली. मामांनी आम्हाला सोडलंच नाही. घरामागच्या शेतात आगटी पेटवून हुरडा भाजला. गरम कणसं हातावर चोळत मामा म्हणाले, "आमच्या खानदानात पासपोर्ट म्हंजी काय ते पयल्यांदा हिच्यामुळं बघितलं. आमी सगळ्यांनी हातात धरून बघितला."

जर्मनीत माझ्या वर्गमैत्रिणीच्या घरी जायला मला आठवडाभर आधी दिवस आणि वेळ ठरवावी लागायची, आणि साडेतीन म्हणजे साडेतीन. इथे एका तासापूर्वी ओळख झालेल्या माणसानं माझ्या ओंजळीत हुरडा घातला. पण एक सांगते, तिथे ठरवून बोलावलेल्या त्या मैत्रिणीनं मी आजारी असताना आठ दिवस रोज सूप आणून दिलं. माणुसकी दोन्हीकडे आहे. तिथे ती वेळ घेऊन येते.

हुरडा खाऊन झाल्यावर पूनमनं फाइल उघडली. गुण उत्तम होते. इंग्रजीची परीक्षा चांगली दिलेली. शेवटी तिचं एसओपी होतं. एसओपी म्हणजे आपण हाच विषय का शिकणार आहोत, हे विद्यापीठाला सांगणारं पत्र. फार सफाईदार इंग्रजी. लहानपणी अंध झालेले आजोबा, अंगणातलं कडुनिंबाचं झाड, त्या झाडाखाली नातीचा हात हातात घेऊन त्यांनी सोडलेला प्राण, आणि जाता जाता काढलेले शब्द, "जगभर जा, शीक, आणि परत येऊन गावाची सेवा कर." माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी विचारलं, "आजोबा कधी गेले गं?"

"मी लहान असताना," असं म्हणून ती कणसं आणायला उठली.

मला वाटलं, दुःख अजून ताजं आहे.

दुसरा दिवस : श्रीरामपूर

राहुरीवरून जाताना रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या एकामागून एक. आमची एसटी त्यांच्या मागे अशी चालली होती, जणू आम्हीही कारखान्यालाच निघालोय. सर म्हणाले, "बघ, इथे सगळ्यांची घाई उसाच्या मागे अडते."

श्रीरामपूरचा कार्यक्रम नीट झाला. लाइट होती, स्लाइड्स चालल्या, आणि प्रश्न निम्मे आले. तिथे एक नर्स भेटली, रूथ साळवे. सव्वीस वर्षांची, एका खासगी दवाखान्यात चार वर्षं काम केलेली. तिला जर्मनीत सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करायचं होतं. म्हणाली, "ताई, अर्ज पुढच्या आठवड्यात भरायचाय. घरी येऊन एकदा फाइल बघाल का? स्टेशनच्या पलीकडेच आहे."

दोन खोल्यांचं स्वच्छ घर. भिंतीवर येशूची तसबीर, खाली रेल्वेचं जुनं घड्याळ. रूथचे आबा, म्हणजे तिचे आजोबा, रेल्वेत रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होते. ऐंशी ओलांडलेले, पण ताठ. त्यांनी स्वतः पेरू चिरून, वर तिखटमीठ भुरभुरून ताटली पुढे केली. मी एक फोड तोंडात टाकली आणि रूथचं एसओपी उघडलं.

पहिल्या परिच्छेदात अंध आजोबा होते. दुसऱ्यात अंगणातला कडुनिंब. मी चावायची थांबले. तिसऱ्यात नातीचा हात, प्राण, आणि "जगभर जा, शीक, आणि परत येऊन गावाची सेवा कर." शब्द तेच, स्वल्पविरामसुद्धा तेच. पूनमच्या पत्रात जिथे 'शेती' होती, तिथे इथे 'आरोग्य' होतं.

मी कागद सरांकडे दिला. सरांनी पूनमचं पत्र वाचलं नव्हतं, हे आईकडचे आजोबा असतील असं समजून त्यांनी सरळ मनानं मराठीत अर्थ सांगायला सुरुवात केली. "हं, म्हणजे रूथचे आजोबा वारले तेव्हा..."

आबा पेरूची ताटली हातात धरून उभेच होते. "कोन वारलं?"

रूथ उठली. "आबा, तुम्ही आत बसा ना जरा."

"थांब गं. सर, कोन वारलं म्हनला?"

सरांनी लिंबापासून 'जगभर जा'पर्यंत सगळं सांगितलं आणि कागद खाली ठेवला. मग आबाच खाली बसले. "म्हंजी मी मेलो." त्यांनी ताटली खाली ठेवली. "आन् लिंबाखाली मेलो म्हनता? आपल्या दारात लिंब हाय का रूथ? हितं तर कुंडी ठिवायला जागा न्हाई."

सरांना हसू आवरेना. मलाही. पण रूथचे डोळे भरले होते, आणि आबाही हसत नव्हते. ते म्हणाले, "मराची मला भीती न्हाई पोरी. पन मी तुला असलं कधी म्हनलो हुतो का, जगभर जा म्हनून? तू नर्सिंगला गेलीस तवा मी येकच सांगितलं हुतं."

"काय सांगितलं होतं?" मी विचारलं.

रूथनंच उत्तर दिलं. "आबांचं ऑपरेशन झालं होतं तेव्हा ते दवाखान्यात अठरा दिवस होते. म्हणाले, पेशंटच्या पाठीखालची चादर सुरकुतलेली ठेवू नको. डॉक्टरला ती दिसत नाही, पेशंटला रात्रभर टोचते."

मी म्हटलं, "रूथ, हे लिही. एवढं एक वाक्य त्या तीन पानांपेक्षा मोठं आहे. चार वर्षं तू चादरी सरळ केल्या आहेस. कुठल्या वॉर्डात किती पेशंटमागे किती नर्स होत्या, त्यामुळे काय राहून जायचं, ते लिही. सार्वजनिक आरोग्य म्हणजे दुसरं काय असतं?"

हे पत्र तिला नगरमधल्या एका सल्लागारानं करून दिलं होतं. नाव मी इथे घेत नाही, कारण असे गल्लोगल्ली आहेत. "तो म्हणाला, इमोशनल लागतं. सगळ्यांचं असंच असतं," रूथ म्हणाली. 'सगळ्यांचं असंच' हे तो अगदी खरं बोलला होता.

रूथचा अर्ज अजून गेला नव्हता. पूनमचा गेला होता, आणि त्याच्यावर प्रवेशही मिळाला होता.

बाहेर येऊन मी पूनमला फोन लावला. आडवळणानं बोलणं मला जमत नाही. "पूनम, ते आजोबा कुणाचे?"

"माझे न्हाईत मॅडम." मग एकदम, "काल तुम्ही रडलात ना, तेव्हापासून मला जेवण गेलं न्हाई."

तिचं पत्रही त्याच सल्लागारानं करून दिलं होतं, आणि हे चालेल का, असं तिनं त्याला विचारलं होतं. तो म्हणाला होता, प्रवेश मिळाला ना, मग आता कोण बघतंय. तिनं तीन ठिकाणी तेच पत्र पाठवलं होतं. एकाकडून होकार आला होता, दोघांचं यायचं होतं. "आता मी काय करू?" असं तिनं विचारलं. मी म्हटलं, "उद्या सकाळी ये. तुझे आई-वडील कुठे आहेत सध्या?"

"बेलापूरच्या पुढं. प्रवरेच्या काठाला फड चालू हाय."

सर स्टेशनच्या रस्त्यानं चालताना म्हणाले, "तू तिला खरं कळवायला सांगणार. बरोबर आहे. पण अर्चना, तिचा प्रवेश रद्द झाला तर तिच्या आईला तू काय तोंड दाखवशील?"

मी म्हटलं, "आधी तिच्या आईला भेटू."

तिसरा दिवस : उसाचा फड

पूनम पहिल्या गाडीनं आली. आम्ही तिघं बेलापूरच्या पुढे उतरून मळ्याच्या वाटेला लागलो. दोन्ही बाजूंना डोक्यावर जाणारा ऊस, मधून पाण्याचा पाट. पाटावरून उडी मारायची होती. सर गेले, पूनम गेली, आणि मी जर्मनीहून आणलेले, बर्फात न घसरणारे बूट घालून थेट पाटात बसले. गुडघ्यापर्यंत चिखल. पलीकडे पाचट गोळा करणाऱ्या एक बाई हातातलं काम टाकून धावत आल्या, मला ओढून काढलं आणि कळशीतलं पाणी पायांवर ओतलं. मग पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. ती पूनमची आई, सुमनबाई.

बूट जर्मनीचे असल्याचं पूनमनं सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "ह्येच का जर्मनीचं बूट? हितं अनवानी चालावं लागतं बाई."

उसाच्या वाढ्यांनी आणि पाचटानं शाकारलेल्या पंधरा-वीस कोप्या होत्या. पूनमचे वडील आसारामभाऊ कोयता बाजूला ठेवून आले. दुपारची सुट्टी होती. बिनदुधाचा, खूप गोड चहा आला, पाठोपाठ भाकरी आणि मिरचीचा ठेचा. पूनमनं भाकरीला हात लावला नाही. मान खाली घालून तिनं आई-वडिलांना सगळं सांगितलं. पत्र, आजोबा, प्रवेश, सगळं.

आसारामभाऊंनी शांतपणे ऐकलं. म्हणाले, "पत्र आलंय ना? मग गप बसायचं. मॅडम, आमी ऊस घालतो कारखान्याला. एकदा गव्हानीत पडला की कुनी इचारत न्हाई कुन्या शेतातला हाय."

"मानूस म्हंजी ऊस हाय का?" सुमनबाई म्हणाल्या. मग पूनमकडे वळल्या. "तितं गेल्यावर कुनी इचारलं, तुजा आजा कसा मेला, तर काय सांगशील?"

पूनमनं पाचटाची एक काडी उचलली आणि मोडली.

इतके दिवस जे मी कुणाला सांगितलं नव्हतं, ते मला तिथे त्या पाचटावर बसून सांगावं लागलं. माझं स्वतःचं पत्रही पूर्ण माझं नव्हतं. मी पाणी-व्यवस्थापन शिकायला गेले, आणि एका सीनियरच्या पत्रातला भूजलावरचा एक परिच्छेद मी जसाच्या तसा उचलला होता. मला वाटलं होतं, चार ओळी, कोण बघतंय. पहिल्याच आठवड्यात प्राध्यापकांनी मला खोलीत बोलावलं. रागावून नव्हे, उत्सुकतेनं. म्हणाले, "तुमचा हा मुद्दा मला आवडला, सविस्तर सांगा." मला सांगता आलं नाही. त्यांनी माझ्यासमोर ग्लासभर पाणी ठेवलं आणि विषय बदलला. पुढे दोन वर्षं मी त्या माणसाच्या वर्गात मागच्या बाकावर बसले. चांगले गुण मिळाले तरी ते मला माझे वाटायचे नाहीत.

"त्यांनी तुमाला काढलं न्हाई?" आसारामभाऊंनी विचारलं.

"नाही. पण मीही कधी त्यांच्यापुढे सरळ उभी राहिले नाही."

पलीकडच्या कोपीत कुणीतरी मोबाईलवर गाणं लावलं होतं. सरांनी विचारलं, "पूनम, ते आजोबा बाजूला ठेव. तुला हे खरंच कशासाठी शिकायचंय?"

ती हळूहळू बोलायला लागली. लहानपणी, मामाकडे जायच्या आधी, ती वडिलांबरोबर बैलगाडीतल्या उसावर बसून कारखान्यावर जायची. नंबर लागेपर्यंत गाडी रांगेत उभी. कधी दिवस जायचा. ऊस उन्हात वाळायचा, तोडलेली टोकं लाल पडायची, आंबूस वास सुटायचा. काट्यावर वजन कमी भरायचं. "मला वाटायचं, गोडी कुठं जाते? कॉलेजात कळलं की तोडल्यापास्नं साखर उतरायला लागते. आमच्या प्रोजेक्टला मी हेच घेतलं होतं. ऊस झाकून ठेवला, पाणी मारलं, तर किती फरक पडतो. पण नीट मोजायला साधनं नव्हती. तेच शिकायचंय."

"टोकाकडनं न्हाई गं वाळत आधी," आसारामभाऊ मध्येच म्हणाले. "बुडखा जिथं कापला तिथनं. आन् जळका ऊस आसंल तर लईच बेगीन. तू ते लिव्हलं का?"

"न्हाई."

"मग लिही की. आन् सावलीला लावलेली गाडी आन् उनातली गाडी, दोन्हीत फरक असतो. मी तुला दोन्हीचा सांगतो."

पूनमनं माझ्या पिशवीतून वही काढून घेतली. बाप सांगत होता, लेक विचारत होती, मध्येच भांडत होती. तासभर आम्हा दोघांना कुणी विचारलं नाही. सर माझ्या कानात म्हणाले, "तुझ्या स्लाइड्सपेक्षा हे बरं चाललंय."

फडात रेंज नव्हती. बांधाच्या टोकाला एक मोठा दगड होता, त्यावर उभं राहिलं की दोन काड्या यायच्या. त्या दगडावर उभी राहून पूनमनं तिन्ही विद्यापीठांना मेल लिहिली. मी शब्द सुचवायला गेले, तर म्हणाली, "नको मॅडम, हे मीच लिहिते." चारच वाक्यं होती. अर्जासोबतचं पत्र मी लिहिलेलं नाही. ते दुसऱ्यानं लिहिलेलं होतं, आणि ते मला माहीत होतं. ही माझी चूक आहे. तुमची परवानगी असेल तर मी माझं पत्र आठ दिवसांत पाठवीन.

तिचा अंगठा बटणावर थांबला. तिनं वळून वडिलांकडे बघितलं. आसारामभाऊंनी टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, "पाठीव."

सुमनबाईंनी बघितलं नाही. त्या पाठ करून मोळी बांधत होत्या. मेल गेली तेव्हा मला त्यांची पाठच दिसत होती, आणि सरांचा आदल्या दिवशीचा प्रश्न मला तिथे खरा कळला.

परतल्यावर

केडगावला येऊन मी बुटांतला चिखल काढला आणि कामाला लागले. पण मेल मी त्या मुलीइतकीच उघडून बघत होते.

बाकीच्या दोन विद्यापीठांपैकी एकानं आठवडाभरात सरळ नकार कळवला. दुसऱ्यानं उत्तरच दिलं नाही. जिथे प्रवेश मिळाला होता, त्यांचं तीन ओळींचं पत्र आलं. प्रवेशाचा फेरविचार होईल, नवं पत्र पाठवा, मुलाखत घेऊ. पूनम फोनवर म्हणाली, "मॅडम, रद्द झालं तर पुढच्या वर्षी भरीन. आता भीती वाटत न्हाई." तिचा आवाज ऐकून माझीही गेली.

मुलाखत फेब्रुवारीच्या शेवटी, मामांच्या घरून, लॅपटॉपवर झाली. त्याची हकीकत मला मामांनी आणि पूनमनं मिळून सांगितली. समोर एक प्राध्यापक बाई होत्या. पहिली दहा मिनिटं पदवीच्या अभ्यासाची गेली. मग बाईंनी विचारलं, "तोडलेला ऊस तुमच्याकडे किती वेळ थांबतो?" पूनम म्हणाली, "कधी सहा तास, कधी दीड दिवस." "हे कुणी मोजलं?" "माझ्या वडिलांनी. वीस वर्षं." बाई म्हणाल्या, "ते आहेत का तिथे?" आसारामभाऊ मुद्दाम कामाचा खाडा करून आले होते आणि धुतलेला सदरा घालून दाराआड उभे होते. पूनमनं लॅपटॉप तिकडे फिरवला. पुढची वीस मिनिटं बाई इंग्रजीत विचारत होत्या, आसारामभाऊ मराठीत सांगत होते, आणि पूनम मध्ये उभी राहून दोघांनाही समजावत होती. शेवटी बाईंनी आसारामभाऊंचे आभार मानले. ते पूनमला म्हणाले, "त्यांना म्हनावं, सीझनला या."

पंधरा दिवसांनी पत्र आलं. प्रवेश कायम होता.

रूथ आबांना सोबत घेऊन सल्लागाराकडे गेली आणि आपली मूळ कागदपत्रं परत घेऊन आली. आबा त्याला म्हणाले, "बघून घ्या, मी जित्ता हाय." या वर्षी तिनं अर्ज भरलाच नाही. रोज सकाळी ड्यूटीच्या आधी दोन तास जर्मन शिकते आहे, आणि मला वाटतं हा तिनं घेतलेला सगळ्यात शहाणा निर्णय आहे. एक वर्ष उशिरा गेल्यानं कुणाचं काही बिघडत नाही. तयारी नसताना गेलेल्यांचं बिघडलेलं मी पाहिलं आहे.

ज्यांना जायचं आहे त्यांना मी एवढंच सांगेन, की जरूर जा. विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावर जाऊन सगळं स्वतः वाचा. समजलं नाही तर त्यांनाच मेल करा, ते उत्तर देतात, आणि त्यांना लांबलचक नमस्कार लागत नाहीत. तिथे शिकणारं आपल्याकडचं कुणी गाठा आणि त्याला 'कसं आहे' असं न विचारता 'काय अवघड गेलं' असं विचारा. आणि पत्र स्वतः लिहा. इंग्रजी मोडकं असलं तरी चालेल, पण त्यातला माणूस तुम्हीच असू द्या. कारण पुढे त्याच माणसाला तिथे राहायचं असतं, पहिल्या हिवाळ्यात, एकट्यानं.

पूनम सप्टेंबरात गेली. जायच्या आधी पंधरा दिवस मला पाथर्डीकडच्या तिच्या गावातून फोन आला. सुमनबाई होत्या. इकडचं तिकडचं बोलल्या, पाऊस कसा आहे ते विचारलं.

"मॅडम, खरं सांगा. ती परत यील ना?"

मी खोटं बोलले असते तर त्यांना बरं वाटलं असतं. मी म्हटलं, "मी आले. माझ्याबरोबरच्या निम्म्या आल्या नाहीत. तिचं तिलाच ठरवू द्यावं लागेल, सुमनताई."

पलीकडे कुठेतरी बकरी ओरडली, कुणीतरी तिला हाकललं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मग कुकर देऊ का बरूबर?"

"द्या. तीन लिटरचा द्या, मोठा नको."